ड्रॅगनला गुहा, नदीला उतार

गोष्टीसाठी नवं जग रचायला बसलेला माणूस बहुतेक वेळा राजापासून सुरुवात करतो. राजाचं नाव, राजाची तलवार, राजाचा शत्रू. मग तिसऱ्या प्रकरणात नायक घोड्यावर मांड ठोकून निघतो आणि लेखकाची पंचाईत होते: निघाला खरा, पण कुठल्या दिशेनं? म्हणून जाणती मंडळी आधी नकाशा काढतात. त्यातली गंमत अशी, की जग कितीही बनावट असलं तरी पाण्याला उतार लागतोच, गावाला पाणवठा लागतोच आणि चालून चालून पाय दुखतातच. ड्रॅगन हवे तेवढे सोडा, वाचक हूं की चूं करत नाही. नदी डोंगरावर चढवलीत, की लगेच पकडतो.

पावसात उगवलेलं बेट

१८८१चा उन्हाळा. स्कॉटलंडमधलं ब्रेमार गाव. बाहेर पावसाची रिपरिप, घरात कंटाळलेला शाळकरी लॉइड आणि त्याचे सावत्र वडील रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. वेळ घालवायला रंगपेटी निघाली आणि एका बेटाचा नकाशा रंगला. खाड्या, टेकड्या, जहाजं नांगरायच्या जागा. त्या नकाशाकडे बघता बघता झाडीतून माणसं डोकावू लागली, असं स्टीव्हन्सननं पुढं लिहून ठेवलंय. मराठी मुलांना ‘खजिन्याचं बेट’ म्हणून माहीत असलेली कादंबरी अशी रंगपेटीतून निघाली.

पुढचा भाग जास्त चटका लावणारा. कादंबरीचं पुस्तक व्हायच्या वेळी तो नकाशा टपालानं प्रकाशकाकडे गेला आणि गहाळ झाला. मग स्टीव्हन्सननं काय करावं? आपलीच कादंबरी समोर घेऊन, तिच्यातला दिशेचा आणि अंतराचा एकेक उल्लेख टिपून, त्यावरून नकाशा पुन्हा बेतला. हे काम झालं वडिलांच्या कचेरीत. वडील दीपगृहं बांधणारे इंजिनिअर. त्यांनीही हौसेनं हात धुऊन घेतले आणि कादंबरीतल्या कॅप्टन फ्लिंटची खोटी सही ठोकून दिली. नकाशा झाला देखणा, पण स्टीव्हन्सनला तो कधी आपला वाटला नाही. १८८३च्या पुस्तकात छापलेला नकाशा हा दुसरा.

तात्पर्य वगैरे राहू द्या. पहिल्या खर्ड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मूठभर तांदूळ

किनारा काढायचा म्हटलं की हात आपोआप गुळगुळीत गोल फिरतो. त्यावरचा जगभर चालणारा उपाय आपल्या डब्यातच आहे. कागदावर मूठभर तांदूळ उधळायचे, ढीग बोटानं जरासा पसरायचा आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवायची. ढीग म्हणजे खंड, इकडंतिकडं उडालेले दाणे म्हणजे बेटं, मध्ये राहिलेली फट म्हणजे आखात. फाशांचे खेळ खेळणारे तांदळाऐवजी ओंजळभर फासे टाकतात. मग ज्या फाशावर मोठा आकडा तिथं पर्वत, लहान आकडा तिथं मैदान. तांदळाची सोय अशी, की खंड काढून झाला की त्याचा भात करता येतो.

ही युक्ती चालते कारण खरा किनारा कधीच सरळ नसतो. जितकं जवळून बघावं तितका तो वाकडा होत जातो. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या हे ध्यानात आलं होतं. १९६७ मध्ये बेनुआ मांडेलब्रॉ या गणितज्ञानं त्यावर ‘ब्रिटनचा किनारा किती लांब?’ असा सरळ प्रश्न विचारणारा लेख लिहिला. उत्तर मात्र सरळ नव्हतं: मोजायची पट्टी जेवढी लहान, तेवढा किनारा लांब.

ही निव्वळ गणितातली गंमत समजू नका. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, हे शाळेत घोकलेलं आठवतंय ना? केंद्र सरकारच्या नव्या मोजणीत तो ११,०९८ किलोमीटर भरला. जमीन वाढली नाही की समुद्र हटला नाही. आधी १:४५ लाख प्रमाणाच्या नकाशावर मोजलं होतं, आता १:२.५ लाखाच्या. त्यामुळं पूर्वी हिशोबातून निसटलेल्या खाड्या, वळणं आणि नदीमुखं आता धरली गेली. रिकाम्या जागा भरा, गुण एक, उत्तर बदललेलं.

ब्रँडन सँडरसनच्या ‘स्टॉर्मलाइट’ मालिकेतला रोशर हा खंड तर थेट गणितातून उचललेला आहे. त्याचा आकार ‘ज्युलिया संच’ नावाच्या आकृतीवर बेतलाय. ही आकृती मांडेलब्रॉच्या वाकड्यातिकड्या कुळातलीच. म्हणजे तांदूळ नकोत तर समीकरण घ्या. माझं मत तांदळाला.

नद्या जुळतात, फुटत नाहीत

नवशिक्याचा नकाशा ओळखायची एक खूण पक्की: नदी एका समुद्रातून निघते, खंड आडवा कापते आणि दुसऱ्या समुद्राला मिळते. मधेच तिचे दोन फाटे होतात आणि दोन्ही दोन टोकांना जातात. खऱ्या नद्यांचं उलट असतं. उगमाकडे अनेक, मुखाकडे एक. ओढा ओढ्याला मिळतो, उपनदी नदीला मिळते. फुटाफूट होते ती मुखाशी, त्रिभुज प्रदेशात.

मात्र नदी नेहमी जवळचाच समुद्र गाठते असंही नाही, आणि इथं मराठी नकाशाकाराला घरचा गुरू आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तिथून जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण बाई त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतात. कारण एवढंच, की सह्याद्रीची कड पश्चिमेला आणि पठाराचा उतार पूर्वेला. महाबळेश्वरच्या डोक्यावर तर एकाच डोंगरातून कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला. कल्पित जगात दोन वैरी राज्यं हवी असतील तर असा एक जलविभाजक पुरतो.

नियमाला अपवाद हवा असेल तर तोही खरा आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये ‘टू ओशन क्रीक’ नावाचा ओढा खरोखर दोन फाट्यांत वाटला जातो. एकाचं पाणी शेवटी अटलांटिकला पोचतं, दुसऱ्याचं पॅसिफिकला. दक्षिण अमेरिकेत कासिकियारे ही नदी ओरिनोकोचं पाणी ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेऊन सोडते. १८०० साली हुम्बोल्ट हा संशोधक तिथून होडीनं फिरून आला. तेव्हा कुणी नाक मुरडलं तर ही दोन नावं तोंडावर फेकायची. फक्त तुमच्या जगातही असा ओढा एखादाच असू द्या.

तळ्याचं गणित सोपं. बाहेर पडायला वाट असेल तर पाणी गोडं, नसेल तर क्षार साठत जातात. लोणारचं विवर बघा: झरे आत येतात, बाहेर काही जात नाही, पाणी खारट. एखाद्या जादूगाराच्या शापानं तळं खारट झालं असं लिहायला हरकत नाही, पण शापाच्या जोडीला तळ्याची वाट बुजवून टाका.

काटकोनातले डोंगर

आता थोरामोठ्यांची खोडी काढू. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला मॉर्डोर हा दुष्ट मुलूख. त्याच्या उत्तरेला, पश्चिमेला आणि दक्षिणेला डोंगररांगा, आणि त्या एकमेकींना जवळजवळ काटकोनात मिळतात. भूशास्त्र शिकलेले चाहते या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं डोकं आपटताहेत. भूपट्ट असे गवंड्यासारखे ओळंब्यात भिंती उभारत नाहीत. डोंगरांचं कडं हवंच असेल तर युरोपातले कार्पेथियन बघावेत; ट्रान्सिल्व्हेनियाला वळसा घालतात, पण कमानीनं.

टॉल्किनची बाजू घ्यायची तर एवढंच: मॉर्डोरला आत शिरायला अवघड असणं भाग होतं. कथेला कुंपण हवं होतं, त्यानं कुंपण घातलं. वाचणाऱ्या लाखो लोकांना काटकोन दिसलाही नाही.

डोंगर ठेवला की पाऊस ठरतो, हे मात्र विसरू नये. ढग ज्या बाजूनं येतात ती बाजू हिरवी, पाठची कोरडी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला गेलं की आकडा हजाराच्याही खाली येतो. वाऱ्याची दिशा दाखवणारा एक बाण नकाशाच्या कोपऱ्यात काढून ठेवला, की जंगल कुठं, माळ कुठं, दुष्काळ कुठं आणि बंडखोर कुठले, हे सगळं ओघानं येतं.

ऊन वायव्येकडून

छायांकन करताना डोंगराची वरची डावी बाजू उजळ ठेवतात आणि उजवीकडे खाली सावली. म्हणजे ऊन वायव्येकडून. आपल्याकडे भर दुपारी वायव्येला सूर्य कुणी पाहिलाय? पण उजेड खालून दाखवला तर डोळे फसतात, डोंगराची दरी होते आणि दरीचा डोंगर. म्हणून नकाशाकारांनी सूर्यालाच हलवलं.

गावाला कारण लागतं

मोकळी जागा दिसली की तिथं टिंब काढून ‘शहर’ लिहायचं, हा दुसरा मोठा छंद. पण शहर मोकळ्या जागी वसत नाही, अडलेल्या जागी वसतं. जिथं नदी ओलांडावी लागते, होडीतून उतरावं लागतं, घाट चढण्याआधी बैल बदलावे लागतात, तिथं माणसं थांबतात. थांबली की त्यांना जेवू घालणारे येतात आणि पाठोपाठ कर घेणारे.

सातवाहनांचा नाणेघाट आठवा. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेनं वर चढायचा, जुन्नरवरून पुढं पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावर आजही दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, अशी परंपरेनं चालत आलेली समजूत. बंदर, घाट, जकात, बाजारपेठ, राजधानी: काल्पनिक साम्राज्याचा पूर्वार्ध तयार. नावं तेवढी बदला.

किती दिवसांची वाट?

नकाशावर सगळ्यात कंटाळवाणी वस्तू म्हणजे कोपऱ्यातली प्रमाणपट्टी. आणि कथेला सगळ्यात जास्त वाचवते तीच. सैन्य, लवाजमा, बायकामुलं, सामानाच्या गाड्या असं सगळं एकत्र चाललं तर दिवसाला किती अंतर कापेल? परदेशी पुस्तकं चाळायची गरज नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी पंढरपूरचं सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर अडीच-तीन आठवड्यांत पार करते, मुक्काम आणि रिंगणं धरून. म्हणजे दिवसाला सरासरी बारा ते चौदा किलोमीटर. तुमच्या राजाची फौज याच्या चौपट वेगानं धावत असेल तर तिला जेवण कुठून मिळतं तेही लिहा.

घोड्यांचा प्रश्न याहून बिकट. ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स हिनं १९९६ मध्ये ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ नावाचं खट्याळ पुस्तक लिहिलं. पर्यटनाच्या मार्गदर्शिकेच्या थाटात त्यात या सगळ्या प्रकाराची टर उडवलीय. तिथले घोडे थकत नाहीत, लंगडत नाहीत, आणि त्यांची पैदास बहुधा परागीभवनानं होत असावी असा तिचा कयास. रोज रात्री जेवायला तोच एक रस्सा. आणि नकाशावर जेवढी म्हणून ठिकाणं दाखवलीत तेवढ्या सगळ्या ठिकाणी पायपीट घडणार म्हणजे घडणारच. प्रत्येक नवोदितानं टेबलावर ठेवावं असं पुस्तक आहे.

जॉर्ज मार्टिनच्या कादंबऱ्यांतल्या वेस्टेरॉस खंडाच्या नकाशाला प्रमाणपट्टी नव्हती. पण उत्तरेची बर्फाची भिंत तीनशे मैल लांब, असं कादंबरीत आहे. झालं! चाहत्यांनी भिंतीलाच फूटपट्टी केलं आणि सगळा खंड मोजून काढला. त्या खंडाचा दक्षिण भाग म्हणजे उलटा केलेला आयर्लंड, हे मार्टिननं पुढं स्वतःच कबूल केलं. ॲटलस उलटा धरून बघायची ही युक्ती तशी कुणालाही जमेल. गुजरातचा किनारा आडवा करून पाहा, काय काय दिसतं ते.

मापाच्या वेडाचा मुकुटमणी मात्र गॅलिलिओ. दुर्बीण हातात यायच्या कितीतरी आधी, १५८८ साली, विशीतल्या या गणितज्ञानं फ्लॉरेन्सच्या विद्वत्सभेपुढं दोन व्याख्यानं दिली. विषय: दान्तेच्या काव्यातल्या नरकाचा आकार, स्थान आणि मोजमाप. टोक पृथ्वीच्या केंद्राशी आणि तोंड वर, असा शंकू. सैतान केवढा? दान्तेनं एका राक्षसाच्या चेहऱ्याची तुलना रोमच्या सेंट पीटरपाशी असलेल्या कांस्याच्या पाइनफळाशी केली होती. गॅलिलिओनं त्या फळावरून राक्षस काढला, राक्षसावरून सैतानाचा दंड काढला आणि दंडावरून सैतान: उंची सुमारे २,००० हात. पुढल्याच वर्षी त्याला पिसा विद्यापीठात गणिताची नोकरी मिळाली. नरकाचा नकाशा कुणाच्या बायोडेटात असा चमकला नसेल.

आपल्याकडे हे प्रमाणाचं भान मुलांना दिवाळीत येतं. मातीचा किल्ला झाला, हळीव-मोहरीचं गवत उगवलं, आणि मग बाजारातून आणलेला मावळा दिंडीदरवाज्यापेक्षा उंच निघतो. दरवाजा मोठा करायचा की मावळा दूर उभा करायचा? जगातले सगळे नकाशाकार याच पेचात असतात.

पूर्व कुठली, पश्चिम कुठली

‘हॉबिट’मधला थ्रॉरचा नकाशा पाहताना मान वाकडी होते, कारण त्यात वरच्या बाजूला उत्तर नाही, पूर्व आहे. टॉल्किनला त्यातली चांदण्यात वाचायची अक्षरं पानाच्या पाठीमागे छापायची होती, म्हणजे पान उजेडासमोर धरलं की ती उमटतील. १९३७ मध्ये प्रकाशकाला तो खर्च झेपणारा नव्हता.

ऑझच्या राज्याचं प्रकरण याहून मजेशीर. १९००च्या पहिल्या पुस्तकात मंचकिन लोक पूर्वेला राहतात. १९१४ मध्ये नकाशा छापला गेला तेव्हा ते डाव्या हाताला जाऊन बसले. काचेची चित्रपट्टी उलट्या बाजूनं उतरवून घेतली असावी, असं सांगतात. चाहते आजतागायत भांडताहेत. वादळात उडून तिथं आलेल्या नायिकेला, डोरोथीला, कुणी दिशा विचारली नाही, हे बरं.

आणि विनी द पूच्या रानाचा नकाशा? तो म्हणे ख्रिस्तोफर रॉबिन या चिमुरड्यानंच काढला, चित्रकार शेपर्डनं नुसती मदत केली, असं नकाशावर लिहिलंय, तेही चुकीच्या स्पेलिंगमध्ये. शेपर्डच्या त्या मूळ चित्राला २०१८च्या लिलावात ४,३०,००० पौंड मिळाले.

दुधाचा समुद्र, उदासीनतेचं तळं

नकाशात डोंगर-नद्याच हव्यात असं कुणी सांगितलं? १६५४ मध्ये फ्रान्समध्ये मादलेन द स्क्युदेरी हिच्या ‘क्लेली’ या कादंबरीत जिव्हाळ्याच्या देशाचा नकाशा आला. ‘नवी मैत्री’ या गावातून निघायचं. प्रेमपत्र, प्रामाणिकपणा, औदार्य अशी गावं घेत गेलात तर आदराच्या नदीकाठच्या नगरात पोचता. वाटेत हयगय आणि विसराळूपणा या वस्त्यांकडे वळलात, की थेट उदासीनतेच्या तळ्यात. उत्तरेला धोक्याचा समुद्र, आणि त्याच्या पलीकडे अज्ञात प्रदेश. पॅरिसच्या दिवाणखान्यांत या नकाशाची धूम होती. विवाहमंडळांनी आजही छापायला हरकत नाही.

पुराणांतला भूगोल तर याहून भव्य. मध्ये जंबुद्वीप, त्याभोवती खारा समुद्र, मग एकाआड एक द्वीपं आणि समुद्र: उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटी गोड्या पाण्याचा. जंबुद्वीप एक लाख योजनं रुंद, आणि पुढचं प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट. सातव्याला पोचेपर्यंत चौसष्ट लाख! जैन परंपरेत अडीच द्वीपांचे असे वर्तुळाकार पट कापडावर रंगवत. मध्ये मेरू, भोवती वलयं, निळ्या समुद्रात मासे. नव्यानं हात बसवणाऱ्यानं संग्रहालयात असा पट दिसला तर तिथंच बूड टेकावं.

कोरी जागा

‘इथं ड्रॅगन आहेत’ असं जुन्या नकाशांवर सर्रास लिहिलेलं असे, ही समजूत सर्रास आहे. प्रत्यक्षात हे लॅटिन शब्द सापडतात ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या सुमारे १५१०च्या, तांब्याच्या, मुठीएवढ्या पृथ्वीगोलावर, आणि तेही आशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ. शहामृगाच्या अंड्यावर कोरलेला त्याचा एक जुळा भाऊ आहे. बस्स. इतर नकाशाकारांनी समुद्रात राक्षस चितारले, पण ही पाटी लावली नाही.

कोरी जागा बघवत नाही म्हणून लोक काय काय भरतात! जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेअर जनरल, हिंदुस्थानचा गाजलेला नकाशा काढणारा मातब्बर माणूस. १७९८ मध्ये त्यानं पश्चिम आफ्रिकेत ‘काँगचे पर्वत’ ही लांबलचक रांग दाखवली. रेनेलनं काढले म्हणजे असणारच, म्हणून पुढं नव्वद वर्षं सगळ्यांनी ते उतरवून घेतले. १८८७ ते १८८९ या काळात फ्रेंच अधिकारी बिंगर तिथं पोचला तेव्हा काही पर्वत भेटले नाहीत. लुईस कॅरॉल शहाणा. त्यानं १८७६च्या ‘स्नार्क’ काव्यातल्या खलाशांना साफ कोरा नकाशा दिला. खलाशी खूश, समजायला सोपा म्हणून.

लेखक थांबला तर वाचक काढतात

आर. के. नारायण यांनी मालगुडीत नदी घातली, स्टेशन घातलं, डोंगर घातले, पण नकाशाच्या फंदात पडले नाहीत. मग जेम्स फेनेली या अमेरिकी अभ्यासकानं कथा-कादंबऱ्यांतले उल्लेख जुळवून गाव कागदावर मांडलं. टेरी प्रॅचेटनं डिस्कवर्ल्डचा नकाशा निघणं शक्यच नाही असं बजावलं होतं. स्टीफन ब्रिग्ज या चाहत्यानं तरी त्या जगातल्या मोठ्या शहराच्या गल्ल्या मोजायला घेतल्या, आणि १९९३ मध्ये प्रॅचेटच्याच संमतीनं तो नकाशा छापून आला. विल्यम फॉकनरनं मात्र दुसऱ्या कुणाला संधीच दिली नाही: १९३६च्या कादंबरीला जोडलेल्या नकाशावर क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि खाली सातबाऱ्याच्या ऐटीत स्वतःची एकट्याची मालकी.

टॉल्किनच्या घरी हे काम मुलाकडे होतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे छापील नकाशे ख्रिस्तोफरच्या हातचे. पुढं पॉलिन बेन्स ही चित्रकार १९७०च्या भिंतीवरच्या नकाशावर काम करत होती, तेव्हा टॉल्किननं तिच्या प्रतीवर हातानं सूचना लिहिल्या: हॉबिटन साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर, मिनास तिरिथ इटलीतल्या रावेनाच्या. ती प्रत २०१५ मध्ये उजेडात आली. आता ऑक्सफर्डच्याच ग्रंथालयात आहे.

यंत्रानं काढू का?

काढा की. ‘इंकार्नेट’ आणि ‘वंडरड्राफ्ट’वर डोंगर-झाडं शिक्क्यांसारखी उमटवता येतात, ‘अझगार’चा फुकट प्रोग्रॅम तर एका क्लिकवर खंड, नद्या, राज्यं, रस्ते, धर्म सगळं ओतून देतो. दुसऱ्या क्लिकवर दुसरं जग. इतकं स्वस्तात मिळालेलं जग फेकवतंही लवकर, एवढीच माझी तक्रार. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा रानोमाळ भटकायचा स्वतंत्र नकाशाही त्यात नव्हता. त्यासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच खेळाचा पट वापरा, असं नियमांत सांगितलेलं होतं. उसनवारीला लाजायचं कारण नाही.

आणि चिकाटीचा नमुना हवा असेल तर अमेरिकेतला जेरी ग्रेटझिंगर. १९६३ मध्ये एका काल्पनिक शहराचा नकाशा काढायला बसला. मध्ये वीस वर्षं ते बाड माळ्यावर पडून होतं. पुन्हा सापडलं, पुन्हा सुरू. आज कोणत्या कागदावर काय करायचं ते पत्ते पिसून ठरतं. तीन हजारांहून जास्त कागद झालेत.

ॲग्लो नावाचं गाव

नकाशा चोरला जातो, ही जुनी तक्रार. १९३०च्या दशकात ऑटो लिंडबर्ग आणि अर्नेस्ट आल्पर्स या दोघा नकाशाकारांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका कच्च्या रस्त्याच्या तिठ्यावर आपल्या आद्याक्षरांतून ‘ॲग्लो’ हे गाव घडवून टाकलं. दुसऱ्याच्या नकाशावर दिसलं की चोर सापडला. काही वर्षांनी रँड मॅकनॅली या कंपनीच्या नकाशावर ॲग्लो झळकलं. आता सापडले! पण कंपनीचं उत्तर तयार होतं: तिथं दुकान आहे, ‘ॲग्लो जनरल स्टोअर’. दुकानदारानं पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या नकाशात नाव वाचून तीच पाटी लावली होती. जॉन ग्रीनच्या ‘पेपर टाउन्स’ कादंबरीत हे गाव येतं. दुकान बंद पडलं, गूगलनंही नाव काढून टाकलं.

सगळा मुलूखच खोटा असेल तर चोर पकडायला खोटं गाव कुठं टाकायचं? उर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’कडे बघावं. तिथंही आधी नकाशा, मग १९६८ची कादंबरी. त्या शेकडो बेटांतल्या तीन चिमुकल्या बेटांना तिनं स्वतःच्या मुलांची तान्हेपणीची लाडाची नावं दिली होती. हेतू चोर पकडायचा नव्हता, पण कुणी नकाशा उचललाच, तर ती तिघं त्याच्याबरोबर निमूट जातील आणि आईला बरोब्बर ओळखतील.